पाण्याची पाळी

आमच्या गल्लीला उतार आहे आणि तोमेसानचं घर उताराच्या अगदी तळाशी. बाकी काही सांगितलं नाही तरी उत्तर जपानातल्या, बर्फाळ आओमोरीच्या माणसाला एवढ्यावरून कळतं, की ही बाई हिवाळाभर चिडलेली का असते.

गल्लीच्या कडेने नाला जातो आणि प्रत्येक घरापुढे त्याला एक लोखंडी झाकण आहे. मुलं शाळेत गेली की आमच्या गल्लीची पाण्याची पाळी येते. पंपाचं पाणी नाल्यातून धावू लागतं, सगळेजण झाकणं उघडतात आणि दारातला बर्फ आत लोटतात. पाळी संपली की राहिलेला बर्फ दारातच. अट एकच, बर्फ बारीक फोडून टाकायचा. वरच्या कोणी अख्खी ढेप टाकली तर ती वाहत येऊन तोमेसानच्या दारात अडकते. मग पाणी रस्त्यावर येतं, रस्त्यावरून पायरीवर.

गेल्या हिवाळ्यात ते घरातही शिरलं. सेंदाईहून मुलगी आली, कुमिको. दोन दिवस तिने ओल्या चटया उचलल्या आणि जाताना ठरवून गेली, की पुन्हा असं झालं किंवा आईला बर्फ उपसणं झेपत नाहीसं दिसलं, तर घर विकायचं आणि आईने सेंदाईला यायचं. तोमेसान हो म्हणाल्या. ओल्या घरात उभं राहून नाही म्हणणं अवघड असतं.

मुलीच्या सातव्या मजल्यावरच्या घरात त्या एकदा आठवडाभर राहून आल्या होत्या. परत आल्यावर मला म्हणाल्या, "खिडकीत उभी राहिले तरी जावई विचारतो, आई, काही हवंय का. मला काही नको असतं हो. पण रोज रोज काही नको म्हणायचं तरी किती?"

या वर्षी डिसेंबरातच पुन्हा ढेपा येऊ लागल्या. तोमेसान पहार घेऊन धावायच्या, अडकलेली ढेप फोडायच्या, गंबुटात पाणी घेऊन घरात शिरायच्या. गल्लीचे प्रमुख सोमासान यांच्याकडे तक्रार नेली. त्यांनी चहा पाजला आणि बर्फ फोडून टाकावा असं सर्वांना कळवतो म्हणाले. आमच्याकडे नाव घेऊन बोलायची पद्धत नाही. सर्वांना कळवलं की ज्याने केलंय तो सोडून बाकीचे सगळे ओशाळतात. माझा नवरा तर आठवडाभर बर्फ पिठासारखा करून टाकत होता.

शेवटी एका सकाळी तोमेसान पहार खांद्यावर टाकून स्वतःच चढावर निघाल्या. आज कोणाची गय करणार नाही, हे त्यांनी मला रस्त्यापलीकडे ऐकू येईल अशा आवाजात सांगितलं.

ढेपा मिकामीसानच्या दारातून येत होत्या. तरुणपणी या दोघी बंदरावर शिंपले सोलायच्या शेडमध्ये एकाच बाकावर बसायच्या. मिकामीसान थोड्या मोठ्या आणि हे कोणाला विसरू न देणाऱ्या. पहाटे पालिकेचा बुलडोझर रस्ता साफ करतो आणि दारोदार दगडासारख्या ढेपा लोटून जातो. तसली एक ढेप मिकामीसान पायाने नाल्याकडे ढकलत होत्या. हातात फावडं होतं, पण नुसतं धरलेलं. मनगटात जोर उरला नव्हता. ढेप पाण्यात पडली, त्यांनी वर पाहिलं, तर समोर तोमेसान.

"आज थंडी आहे," तोमेसान म्हणाल्या आणि पहारीने पुढची ढेप फोडायला लागल्या.

"कालच्याइतकी नाही," मिकामीसान म्हणाल्या.

हे सगळं तोमेसाननी मला माझ्याच रॉकेलच्या शेगडीपुढे हात शेकत सांगितलं. सोमासानना सांगावं तर ते मिकामीसानच्या मुलाला फोन करणार. मुलाने हिरोसाकीच्या वृद्धाश्रमात आधीच नाव घालून ठेवलेलं, त्याला निमित्तच हवं होतं. मी म्हटलं, मग त्यांनाच तोंडावर सांगा. त्यावर त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या, की मी उठून चहा ठेवला.

तेव्हापासून पाळी सुरू झाली की त्या आधी वर जायच्या. मिकामीसानच्या ढेपा फोडायच्या, नाल्यात लोटायच्या, झाकण लावायच्या. खाली येईतो पाणी बंद झालेलं असायचं. नाला आता तुंबत नव्हता, पण त्यांच्या स्वतःच्या दारातला बर्फ दिवसेंदिवस चढत खिडकीला लागला. आभार वगैरे सोडाच. मिकामीसान पायरीवर उभ्या राहून सूचना करायच्या. एकदा म्हणाल्या, "जरा आणखी बारीक करा तोमेसान. खाली कोणाला त्रास व्हायला नको."

जानेवारीच्या शेवटी कुमिको आली. टॅक्सीतून उतरली आणि बर्फाच्या त्या भिंतीपुढे बॅग घेऊन उभीच राहिली. दाराशी जायला जेमतेम एका माणसापुरती वाट होती. संध्याकाळी मी सफरचंदं द्यायला गेले तेव्हा आत मायलेकी एकमेकींकडे न बघता बसल्या होत्या. घराच्या दलालाला सोमवारी फोन करायचं कुमिकोचं ठरलं होतं.

तेवढ्यात मिकामीसान आल्या, कॉड माशाच्या डोक्याची आणि काट्यांची आमटी घेऊन. पातेलं दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं. बसल्या, चहा घेतला, आणि कुमिकोला म्हणाल्या, "तुझ्या आईचं वय झालं गं आता. दारातला बर्फ बघवत नाही. माझं बघ, रोज सकाळी लख्ख."

मी तोमेसानकडे पाहिलं. एक वाक्य बोलल्या असत्या तर घर वाचलं असतं. त्यांनी पातेल्याचं झाकण उघडलं, पळीने ढवळलं, आणि म्हणाल्या, "मीठ कमी पडलंय."

"मीठ बरोबर आहे," मिकामीसान म्हणाल्या.

त्या गेल्यावर तोमेसाननी मुलीला सांगितलं, की उद्या सकाळी तू दारात उभी राहा आणि मला झेपतं का ते बघ. नाही झेपलं तर सोमवारपर्यंत थांबू नकोस, उद्याच फोन कर.

दुसऱ्या दिवशी पाणी सुरू झाल्याबरोबर त्या आपल्याच दारातल्या भिंतीला भिडल्या. पहार, फावडं, बर्फ लोटायचं सुपडं, पुन्हा पहार. कुमिको कोटाच्या बाह्यांत हात खुपसून उभी. मीही माझं काम सोडून बघत होते, पण मला त्या बर्फाची काळजी नव्हती. तोमेसाननाही नव्हती. दर चार फावड्यांनी त्या मान वळवून चढाकडे बघत होत्या. वरून एक ढेप आली असती तर संपलं होतं, पाणी मुलीच्या पायाशी आलं असतं.

ढेप आली नाही. पाणी बंद झालं तेव्हा खिडकी मोकळी झाली होती आणि पायरी दिसत होती. तोमेसानच्या टोपीतून वाफ निघत होती. कुमिकोने पायरीवर पाय ठेवून बघितला.

"मग इतके दिवस एवढा का साठू दिलास?" तिने विचारलं.

"कंटाळा आला होता."

"कंटाळा," कुमिको म्हणाली. "ठीक आहे. मार्चपर्यंत बघू. पण फोन उचलत जा." दुपारच्या गाडीने ती गेली.

टॅक्सी कोपऱ्यावर वळली न वळली, तोमेसाननी पहार उचलली आणि चढावर निघाल्या. मीही मागोमाग गेले, राहवेना म्हणून. मिकामीसान पायरीवर स्टूल टाकून बसल्या होत्या. सकाळच्या ढेपा दारात होत्या तशाच.

"उशीर केलात," त्या म्हणाल्या. "मी झाकण उघडलंच नाही आज."

तोमेसान पहारीवर टेकून उभ्या राहिल्या. नाला कोरडा होता, फोडलेला बर्फ टाकायला आता उद्या सकाळपर्यंत जागा नव्हती. तरी त्यांनी पहार उचलली आणि पहिल्या ढेपेवर अशी घातली, की तुकडे माझ्या अंगावर उडाले.

"आमटीत मीठ कमीच होतं," त्या म्हणाल्या.