बाराशे शब्दांचा शालिकराम

खूळ माणसाला लागतं, त्याचं काही नाही. कुणाला कोंबड्यांच्या झुंजीचं लागतं, कुणाला भजनाचं. शालिकराम कापगतेला इंग्रजी शब्दांचं लागलं, आणि तेही साधेसुधे नव्हेत, तोंडात घेतले तर दाढ दुखावी असे.

हा गडी साकोलीकडचा. व्हर्नाक्युलर फायनल पास. गावात कुणाचं पत्र आलं की लोक याला बोलवायला यायचे, पाट मांडून बसवायचे. पण सत्तावन्न साली तो भिलाईत आला आणि इथे त्याला कोण पुसतो! पोलादाचा कारखाना उभा राहत होता, मैलोन्‌मैल लाल माती उकरून ठेवलेली, आणि एका ठेकेदाराच्या टोळीत शालिकराम खलासी झाला. म्हणजे दोर बांधायचा, लोखंड वर चढवायचं, ओरडायचं. त्याची बायको मनकर्णा दुसऱ्या टोळीत डोक्यावरून रेती वाहायची. संध्याकाळी कॅम्पातल्या झोपडीत ती मान चोळत बसली की हा गुपचूप तिच्या वाटचं पाणी भरून आणायचा. हे खरं सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, नुसता मिजासखोर होता. नव्हता. मनकर्णाच्या डोक्यावरचं घमेलं उतरावं, एवढंच त्याला हवं होतं. निदान सुरुवातीला तरी.

दुर्गला रेल्वेच्या मालधक्क्यावर पुंडलिकराव नावाचे नागपूरकडचे कारकून होते, नात्यातले. त्यांनी त्याला एक डिक्शनरी दिली. पुठ्ठा गेलेला, सुरुवातीची पानं वाळवीने खाल्लेली, 'सी'पासून पुढे शाबूत. वर उपदेशही फुकटात दिला. "साहेब काम नाही पाहत, शाली, इंग्रजी पाहते. अन् साधा शब्द त कुलीलेही येते. तू जड शब्द शिक."

झालं! शालिकरामने रोजचे दहा शब्द बांधून घेतले. सकाळी कामावर जायचा तो खिशात खडू घेऊन. टोळीकडे खडू असायचाच, लोखंडावर खुणा करायला. याने त्या खडूने खांबांवर शब्द लिहायला सुरुवात केली. एका खांबावर 'मॅग्नॅनिमस', दुसऱ्यावर 'पर्टिनेशस'. दोर धरून उभा राहिला की समोरचा शब्द घोकायचा. मग रंगारी येऊन त्यावर शेंदरी रंग फासायचे आणि हा पुढच्या खांबाकडे सरकायचा.

टोळीत त्याचा साळा होता, तेजराम. मनकर्णाचा धाकटा भाऊ, यांच्याच झोपडीत राहणारा, विशीतला, शाळेचं तोंड न पाहिलेला, पण वर चढायला माकडाच्या वरचा. तो हसायचा. "भाऊजी, या लोखंडाले काय शिकवून राहिले? ते पास होईन काय?"

"तुले नाही समजणार," शालिकराम म्हणायचा.

"मले समजूनच काय करा लागते? दोर पक्का बांधा म्हणजे झालं."

एक दिवस मात्र गंमत झाली. रशियातून येणाऱ्या लोखंडाच्या प्रत्येक तुकड्यावर त्याची खूण असायची आणि ती नकाशात शोधून तुकडा जागेवर चढवायचा, अशी तिथली रीत. रशियन तज्ज्ञ आला, सोबत दुभाष्या. खांबावर खडूने लिहिलेलं 'इनएक्झोरेबल' त्याने पाहिलं आणि ही खूण नकाशात कुठे आहे म्हणून दोघं अर्धा तास उन्हात कागद उलटसुलट करत बसले. अख्खी टोळी पोट धरून हसली. शेवटी ठेकेदाराचे इंजिनियर शामसुंदर साहेब आले.

"किसने लिखा ये?"

शालिकराम पुढे झाला. आता गेली नोकरी, असं त्याला वाटलं. पण साहेब मोठ्याने हसले. "अरे वाह! इतनी अंग्रेज़ी तो मुझे भी नहीं आती!"

आता हे थट्टेने म्हटलं की कौतुकाने, कुणाला कळणार? पण शालिकराम त्या एका वाक्यावर हरभऱ्याच्या झाडावर जो चढला तो खाली उतरलाच नाही. साहेबांनी टोळीचं रजिस्टर त्याच्या हाती दिलं. दिवसभरात काय चढवलं, काय मोडलं, काय लागेल, ते संध्याकाळी लिहायचं, सकाळी साहेबांच्या टेबलावर ठेवायचं. वर साहेब हेही म्हणाले की दिवाळीपर्यंत टाइमकीपरची, म्हणजे हजेरी मांडणाऱ्याची, जागा निघतेय. "तुम्हारा रजिस्टर देखूँगा. ठीक रहा तो नाम भेज दूँगा."

टाइमकीपर! पत्र्याची का होईना सावली, बसायला खुर्ची. त्या संध्याकाळी त्याने मनकर्णाला सांगितलं, "दिवाळीनंतर तू रेती नाही वाहत." त्या रात्री भाजीत तेल जरा सढळ पडलं.

मग काय, रजिस्टर म्हणजे याची पोथीच झाली. 'आज दोन खांब चढवले' हे लिहायला याला पाऊण पान लागायचं. टोळीचा मुकादम होता हिरालाल, अहिवाऱ्याकडचा, अंगठाबहाद्दर पण लोखंडाची नस ओळखणारा. तो विचारायचा, "शाली, एवढं काय लिहून राहिला गा? दोनच त खांब होते!" शालिकराम नुसता हसायचा. आमच्याकडे म्हणतात ना, नाकापेक्षा मोती जड. तसलाच प्रकार.

या हिरालालचा एक नियम होता, तो नीट ऐका. टोळीत नवा गडी आला की पहिल्या दिवशी हिरालाल त्याला लाल लुगड्याची एक चिंधी द्यायचा. तारेचा दोर झिजला, तारा तुटून काट्यांसारख्या वर आल्या, की ज्याला दिसेल त्याने त्या दोराला चिंधी बांधायची. बस. कुणाला विचारायचं नाही, सांगायचं नाही. चिंधी दिसली की मुकादम असो नाहीतर साहेब, त्या दोराला कुणी हात लावत नसे. प्रत्येकाच्या कमरेला ती चिंधी खोचलेली असायची. शालिकरामचीही होती. रजिस्टर हाती आल्यावर त्याने ती कमरेची काढून खिशात घातली, कारण टाइमकीपर होणारा माणूस कमरेला चिंधी लावून हिंडतो काय!

दसरा होऊन गेला होता. संध्याकाळी टोळी घरी निघाली आणि शालिकराम शेडमध्ये सामानाची नोंद घेत होता. मोठ्या तारेच्या दोराला हात लावला तर बोटात काटा रुतला. त्याने दोर फिरवून पाहिला. वीतभर जागेत तारा तुटल्या होत्या. हाच दोर सकाळी लागणार होता.

त्याचा हात खिशात गेला. चिंधी हाती लागली. आणि तिथेच, बाप्पा, या माणसाची मती फिरली. त्याने विचार केला की चिंधी बांधली तर सकाळी हिरालाल पाहील, दोर बाजूला टाकेल, नवा काढेल, विषय संपला. साहेबाला काय कळणार की कुणी पाहिलं? चिंधी बांधणं काय, तेजरामही बांधतो. साहेबाने वाचलं पाहिजे. साहेबाने म्हटलं पाहिजे, वा, या माणसाने वाचवलं! जागा निघायला पंधरा दिवस उरले होते.

चिंधी खिशातच राहिली. तो डिक्शनरी घेऊन बसला आणि चांगलं पानभर लिहिलं. 'कोहेजन' आला, 'डिमिन्युशन' आला, 'लॅमेंटेबल इव्हेन्च्युॲलिटी' आली. हा दोर तुटतोय, वापरू नका, हे पाच शब्दांचं काम होतं. ते पाच शब्द तेवढे त्या पानात कुठे नव्हते. लिहून झाल्यावर त्याने ते दोनदा वाचलं आणि, काय सांगावं, खूश झाला.

सकाळी त्याने रजिस्टर साहेबांच्या टेबलावर ठेवलं आणि बाहेरच घुटमळत राहिला, हाक येईल म्हणून. साहेबांनी पान उघडलं, तीन ओळी वाचल्या, जांभई दिली आणि चहा मागवला. रोज असलं पान यायचं, बिचारे साहेब तरी किती वाचणार? शालिकराम थांबला. हाक आता येईल, मग येईल. अरे मूर्खा, पळत जा, ओरड, दोर सोडा म्हण! पण नाही. साहेबांनी वाचून बोलवायला हवं होतं ना!

हाक आली ती वेगळीच. दहाच्या सुमाराला लोखंड पडल्याचा आवाज झाला आणि पाठोपाठ माणसं ओरडली. दोर तुटला होता. तुळई खाली आली होती आणि तिच्याखाली तेजरामचा उजवा पाय होता.

जीव वाचला. पाय दवाखान्यात गुडघ्यापासून काढावा लागला.

मग चौकशी बसली. ठेकेदाराची मोठी माणसं आली. रजिस्टर उघडलं गेलं, आणि एकाने डिक्शनरी मागवून ते पान पहिल्यांदा पुरतं वाचलं. निघालं काय? तर शालिकराम कापगतेने लेखी इशारा दिला होता! शामसुंदर साहेबांची बदली झाली. हिरालालला काढून टाकलं, कारण सकाळी दोर तपासायचं काम त्याचं. तो म्हणत राहिला, "चिंधी नव्हती, साहेब, चिंधी असती त म्या हात लावला असता काय?" पण चिंधी कुठल्या कागदात लिहिलेली नव्हती. आणि शालिकरामला? ऐन दिवाळीच्या तोंडावर टाइमकीपरची खुर्ची मिळाली. हसावं की रडावं, तुम्हीच सांगा.

तेजरामला दवाखान्यातून झोपडीत आणलं. गावी नेण्याआधी दोन दिवस तो तिथे होता, दाराशी कुबडी टेकवून. टोळीतले दोघं भेटायला आले, ते चौकशीचं बोलून गेले. ते गेल्यावर तेजराम म्हणाला, "भाऊजी, तुमाले आदल्या दिवशीच दिसलं होतं?"

"लिहिलं होतं ना म्या."

"मले वाचता येते काय?"

शालिकराम दाराशी टेकवलेली कुबडी उगाच सरळ करायला लागला.

"सांजेले एकाच घरात जेवलो आपण. तुमी मले भाजी वाढली. तोंडानं कावून नाही सांगतलं?" तेजरामचा आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "बरं, नाही सांगतलं. चिंधी कुठं होती तुमची?"

बाराशे शब्द पाठ होते त्या माणसाला. बाराशे! त्यातला एक पुढे आला नाही. त्याने खिशात हात घातला आणि चिंधी काढून जमिनीवर ठेवली. एकदाही न बांधलेली, खिशातली घडीसुद्धा न मोडलेली.

मनकर्णा चुलीजवळ होती. तिने चिंधीकडे पाहिलं, भावाच्या पायाच्या जागेकडे पाहिलं, आणि पुन्हा भाकरी थापायला लागली. दुसऱ्या दिवशी तेजरामला गाडीत बसवून आली, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी घमेलं घेऊन रेती वाहायला निघाली.

"आता कावून जातेस?" शालिकराम कळवळून म्हणाला. "मी टाइमकीपर झालो ना!"

तिने घमेलं खाली ठेवलं. कोनाड्यात ठेवून दिलेली ती चिंधी काढली. त्याला वाटलं, डिक्शनरीला बांधते. तो घाईघाईने म्हणाला, "हो हो, बांध. फेकूनच देतो मी ते पुस्तक."

"पुस्तकाले काय समजते," मनकर्णा म्हणाली. "हात इकडे करा."

त्याने हात पुढे केला. तिने मनगटाला चिंधी गुंडाळली आणि खलासी दोराला मारतात तशी घट्ट गाठ मारली.

"ज्याच्यावर भार टाकू नये, त्याले बांधतात," ती म्हणाली. "तेजरामनंच सांगतलं होतं मले."

घमेलं उचलून ती गेली. शालिकराम गाठ सोडायला गेला, मग थांबला. भोंगा वाजत होता. त्याने सदऱ्याची बाही चिंधीवर ओढली, गुंडी लावली आणि खुर्चीवर बसायला कामावर गेला.