बंद खिडक्यांची बस

विजेवरच्या बस आमच्या आगारात आल्या तेव्हा आम्हा कंडक्टरांनाही प्रशिक्षणाला बसवलं होतं. शिकवायला आलेल्या माणसाने पडद्यावर बर्फातून धावणाऱ्या बस दाखवल्या. तिकडच्या कडाक्याच्या थंडीत बस आतून ऊबदार ठेवण्यातच बॅटरी निम्मी खर्च होते, असं तो सांगत होता. मागून कोणीतरी विचारलं, "आन् सोलापूरच्या मे महिन्यात?" सगळे हसले. तोही हसला आणि त्याने पुढचं चित्र लावलं.

माझ्या बसवरचा ड्रायव्हर अक्कलकोटकडचा, घरी कन्नड बोलणारा. मी कायम नोकरीत, तो ठेकेदाराकडून आलेला. मला अक्का म्हणायचा.

दुपारच्या बार्शी फेरीला एक जोडपं ठरलेलं असायचं. नवऱ्याचं सोलापुरात डायलिसिस चालू होतं. ते झालं की दोघं वैरागला उतरून पुढे आपल्या गावी जात. एकेकाळी मेंढरांमागे माळ पालथा घालणारा तो उंच माणूस आता बायकोच्या खांद्यावर भार टाकून पायरी चढायचा. त्याला पाणी बेतानेच द्यायचं होतं. तहान लागली की बायको ओल्या फडक्याने त्याचे ओठ पुसायची. एसीचा झोत नीट लागेल अशी जागा ड्रायव्हर त्याच्यासाठी राखून ठेवायचा.

त्या दिवशी सकाळपासून वीज येत-जात होती. बस पुरती चार्ज झालीच नव्हती. ड्रायव्हर सुपरवायझरला म्हणाला, "साहेब, ही फेरी नको." साहेब म्हणाले, "एसी बंद ठेव आणि काढ गाडी. स्टँडवर लोक ओरडायला लागलेत."

आम्ही निघालो. या बसच्या खिडक्या उघडत नाहीत, सगळ्या काचा पक्क्या बसवलेल्या. शहर सुटेपर्यंतच आतली हवा भट्टीसारखी झाली. लोक मला बोलत होते, मी पुढे बघत होते. वडाळा मागे पडलं आणि ती बाई उठून माझ्याकडे आली. "कंडक्टरबाई, ह्यांचं काय खरं दिसंना. घाम बी येईना झालाय."

मी जाऊन पाहिलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता आणि तोंड उघडं होतं. मी ड्रायव्हरला म्हणाले, "जरा थांबवू या का? दारं उघडू." त्याने बाहेर नजर टाकली. दोन्ही बाजूंना नांगरून तापत पडलेली रानं, सावली कुठेच नाही.

"हितं उतरवून काय करायचं अक्का? वैरागला दवाखाना हाय," असं म्हणून त्याने एसी लावला. गार हवा आली. लोक गप्प झाले. समोरचा बॅटरीचा आकडा मात्र भराभर उतरत होता. ते त्यालाही दिसत होतं, मलाही.

वैराग जवळ आलं होतं. एका चढावर बसचा जोर गेला. त्याने ती कशीबशी कडेला घेतली आणि सगळं बंद पडलं. दारं उघडली तशी झळ आत शिरली. मी अॅम्ब्युलन्सला फोन लावला, ती बार्शीहून निघणार होती. मग रस्त्यात आडवं उभं राहून आम्ही कांद्याचा एक टेम्पो थांबवला. ड्रायव्हरने त्या माणसाला दोन्ही हातांवर उचलून खाली आणलं. टेम्पोत पुढे जागा नव्हती, म्हणून मागे कांद्याच्या गोण्यांवरच निजवलं. बाई उशाला बसली, पदर दोन्ही हातांनी त्याच्या तोंडावर धरून.

दवाखान्यात पोचण्याआधीच तो गेला.

चौकशी झाली. सुपरवायझरने सांगितलं, "मी एसी बंद ठेवायलाच सांगितलं होतं." ते खरंच होतं. फेरी नको म्हणून ड्रायव्हरने आधीच सांगितलं होतं, माणूस गुदमरत होता, हे सगळं मी सांगितलं. चौकशी करणाऱ्या साहेबांनी मान हलवली आणि ड्रायव्हरला विचारलं, "चार्जिंग एवढं कमी असताना एसी लावला की नाही, तेवढंच सांगा."

"लावला," तो म्हणाला.

त्याला काढून टाकलं. माझी नोकरी राहिली. आता तो पुण्याकडे कुठल्याशा शाळेची गाडी चालवतो, असं ऐकते. मी फोन केला की कामात आहे म्हणतो.

दिवाळी झाल्यावर ती बाई एकदा बसमध्ये चढली. कपाळ मोकळं होतं. तिकीट घेताना तिने पुढे वाकून पाहिलं.

"ते डायवर कुटं हायती?"

मी सांगितलं. तिने तिकीट दुमडून कनवटीला लावलं. मग म्हणाली, "गार हवा सोडली तवा ह्यांनी डोळं मिटलं हुतं. लई बरं वाटतंय म्हनले. त्यांना तेवढं सांगायचं हुतं."

मी सांगते म्हणाले. त्या संध्याकाळी फोन लावला. त्याने उचलला नाही.