सायलीची आश्विनी

निताचा मला जेवढा राग आला होता, तेवढा आजवर कोणाचाच आला नसेल. कारणही तसंच होतं. ती आपली पोरगी माझ्या अंगणवाडीत सोडून पळाली होती.

आसेगावात मी एकोणीस वर्षं अंगणवाडी चालवते. विजयमाला मॅडमकडे पोर ठेवलं की घोर नाही, असं बाया म्हणतात आणि मला ते ऐकायला आवडतं. सोयाबीन काढणीचे दिवस होते. निता सायलीला घेऊन आली. सायली तेव्हा अडीच वर्षांची. ती रडायची म्हणून निता रोज जरा वेळ दारात थांबायची, त्या दिवशी थांबली नाही. "मॅडम, आज मले थोडा उशीर होईन," एवढंच म्हणाली. दीड वाजता बाकीची पोरं घरी गेली. माझं खिचडीचं पातेलं घासून झालं, रजिस्टर लिहून झालं, चार वाजले तरी ही बया येईना. शेवटी पोरीला कडेवर घेऊन मी तिच्या घरी गेले. तिथं कोणालाच काही माहीत नव्हतं. दिवेलागणीला कळलं, की मळणीयंत्र घेऊन बाहेरगावचा एक वीरेंद्र आला होता, त्याच्या ट्रॅक्टरवर बसून ती गेली. पुढचे पंधरा दिवस गाव दुसरं काही बोललं नाही. खोटं कशाला सांगू, त्यात माझं तोंड सगळ्यात पुढे होतं.

आता थोडं मागचं. निता एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन आसेगावात आली. नवरा हर्षल दिवाळीनंतर पुण्याकडे बांधकामावर जायचा आणि पेरणीच्या आधी परत यायचा. घरात सासू रामीबाई, थोरला दीर राजपाल आणि त्याची बायको वच्छला. वच्छलाला नऊ वर्षं मूलबाळ नव्हतं. सायली चौदा महिन्यांची असताना हर्षल शेलूबाजारजवळ मोटारसायकलवरून पडला आणि तिथंच संपला. त्यानंतर रामीबाई उठता-बसता निताला एकच ऐकवायची, "खाल्लं माह्या पोराले." निता बावीस वर्षांची. वर्षभरात तिच्याशी कोणी दोन शब्द नीट बोललं असेल तर तो मळणीयंत्रवाला. म्हणून तिची चूक नव्हती असं मी म्हणणार नाही. चूक होतीच. पण मी त्याच गावात राहत होते, रोज तिला दारात बघत होते, आणि मीही तिला कधी 'ये, बस' म्हटलं नव्हतं.

वीरेंद्रच्या घरी बायको होती आणि तीन लेकरं होती. त्याला घरात बाई नको होती, शेतात फुकट राबणारे दोन हात हवे होते. निता तिथं आठ महिने राबली आणि एका दिवशी नेसत्या लुगड्यानिशी निघून आली. सासरी जायची छाती झाली नाही म्हणून आधी माझ्याकडे आली. हातात नवा फ्रॉक होता, लाल, झालर लावलेला. मी तोंडाला येईल ते बोलले. ही अंगणवाडी आहे, धर्मशाळा नाही, असंही बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि फ्रॉक पुढे केला. "एवढा तिले घालून पाहा, मॅडम."

मी फ्रॉक घेऊन आत पोरांत बसलेल्या सायलीकडे गेले. सायलीच्या डोक्यातून तो खांद्यापर्यंत आला आणि अडकला. निताच्या डोळ्यांपुढे पोरगी अजून अडीच वर्षांचीच होती आणि मापही तिनं तेच धरलं होतं. निता दारात उभी राहून ते बघत होती. सायलीनं तिच्याकडे पाहिलं आणि माझ्यामागे लपली. निता रडली नाही. फ्रॉकची घडी करून पिशवीत ठेवली आणि घराकडे गेली. रामीबाईनं उंबऱ्याच्या आत पाय टाकू दिला नाही. वच्छला आतून बाहेर आली नाही. आली असती तर बोलणार काय? पोरगी तोवर तिला माय म्हणायला लागली होती.

निता शेलूबाजारला गेली. तिथं उत्तमराव आणि सीताबाई या नवराबायकोचा भाजीचा मळा आहे. त्यांना जुड्या बांधायला बाई हवी होती. मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर. पहाटे उपटायचं, धुवायचं, केळीच्या सुकल्या सोपटानं जुडी बांधायची. राहायला मळ्यातच टिनाची खोली मिळाली. सीताबाई तोंडाची फटकळ. पहिल्याच दिवशी तिनं निताला सांगून टाकलं, "तुहं सारं मले माईत आहे. आता सांगत बसू नको. जुडी घट्ट बांध."

आठवडी बाजाराच्या दिवशी शेलूबाजारहून आसेगावला जीपा भरून येतात. सेवालालच्या जीपमधून निता दर बाजाराला भाजीची पिशवी पाठवायची. निरोप काही नसायचा. सेवालाल पिशवी वच्छलाच्या ओट्यावर ठेवून पुढे जायचा. पहिले काही आठवडे वच्छलानं ती भाजी बकरीपुढे टाकली. बकरी एवढी माजली की गावात थट्टा व्हायला लागली. मग एका बाजाराला मी वच्छलाच्या घरी गेले तर चुलीवर मेथी शिजत होती. त्या बाजारापासून पिशवी रिकामी होऊन परत जायला लागली, एवढंच. वर्षभरानं निता महिन्यातून एकदा स्वतःच पिशवी घेऊन यायची आणि ओट्याखाली उभी राहायची. सायली तिला भाजीवाली मावशी म्हणायची. घरातल्यांनी तिला तेवढंच सांगितलं होतं.

एकदा मी मीटिंगहून येताना मळ्यावर थांबले. रागातच विचारलं, "तुला नेमकं हवं तरी काय?"

तिनं जुडीला पीळ घातला. "मॅडम, मले पोट्टी परत मांगाची नाही. एक डाव आश्विनी करू देतीन का थे लोक? एकच डाव."

आमच्याकडे भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून महिनाभर पोरी मातीची भुलाबाई बसवतात. संध्याकाळी घरोघर गाणी होतात, मग खिरापत. खिरापतीचा डबा झाकलेला असतो, पोरींनी तो हलवून आवाजावरून आत काय आहे ते ओळखायचं. शेवटच्या दिवशी, कोजागिरीला, चंद्र वर आला की आई आपल्या पहिल्या लेकराला पाटावर बसवून ओवाळते. हीच आश्विनी. त्या पाटावर कोण बसलं आणि ताट कोणाच्या हातात आहे, यावरून घरचं मोठं लेकरू कोण आणि त्याची आई कोण ते सगळ्या गावाला दिसतं. तीन कोजागिऱ्या सायलीला वच्छलानंच ओवाळलं होतं. निता मागत होती ते थोडं नव्हतं. मी तिला म्हटलं, ते विसर.

पण मागच्या माघात वच्छलाला मुलगा झाला. हरीओम. इतक्या वर्षांनी झालेला, तेव्हा रामीबाईचे पाय जमिनीवर कशाला राहतील. कोजागिरीच्या चार दिवस आधी तिनं मला घरी बोलावलं आणि निकाल सांगितला. "वच्छलाचं पोटचं पह्यलं लेकरू म्हणजे हरीओम. पाटावर तो बसन. त्या पोट्टीची माय जिती आहे ना? तिले सांगा, येऊन ओवाळून जाय म्हणा." वच्छला पाळण्याची दोरी ओढत होती. तिनं मान वर केली नाही.

मी निरोप घेऊन मळ्यावर गेले. निताचे हात थांबले. पहिला प्रश्न तिनं विचारला तो असा, "सायलीनं म्हटलं काय?"

"नाही. तुझ्या सासूनं."

"काहून?"

मी खरं ते सांगितलं. ती सांबाराच्या ढिगातली पिवळी पानं वेचायला लागली. सीताबाईनं मात्र लगेच आपली हिरवी साडी काढून दिली आणि म्हणाली, "बोलावलं ना? मंग जाय. कायले बोलावलं थे इचारू नको." निता ताट, निरांजन आणि उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगांचा डबा घेऊन कोजागिरीला दुपारच्या जीपनं आली.

अंगणात ज्वारीच्या पाच उभ्या धांड्यांखाली भुलाबाई-भुलोजी बसवले होते. पोरींची गाणी झाली. चंद्र गोठ्याच्या वर आला. रामीबाईनं भुलाबाईपुढे पाट मांडला, भोवती रांगोळी घातली, आणि दुसरा एक साधा पाट बाजूला तुळशीकडे ठेवला. सायली न सांगता पहिल्या पाटावर जाऊन बसली. दर वर्षी तिथंच बसत होती बिचारी.

"ऊठ माय," रामीबाई म्हणाली, "थो भाऊचा पाट व्हय. तुहा तिकडं."

सायलीनं वच्छलाकडे पाहिलं. वच्छला कडेवरच्या हरीओमचं टोपडं नीट करत होती, ते आधीच नीट होतं. सायली उठली, तुळशीकडे गेली आणि बसली. समोर निता ताट घेऊन उभी. पोरीनं तिला ओळखलं. "मावशी, तुमी काहून? माही माय ओवाळते मले," ती म्हणाली.

निताच्या हातात ताट होतं, निरांजन पेटलेलं होतं, पोरगी हातभर अंतरावर होती आणि अख्खी आळी बघत होती. दोन वर्षं तिनं याच्यासाठीच जुड्या बांधल्या होत्या. मी मनात म्हणत होते, ओवाळ ग बाई, एकदाचं ओवाळून टाक. ज्या बाईला मी शिव्या घातल्या, तिच्यासाठी माझा जीव तुटत होता.

निता वळली आणि ताट वच्छलापुढे धरलं. "बाई, तुमीच ओवाळा. तुमचं मोठं लेकरू हेच व्हय. हरीओम धाकला."

"मंग तू कायले आली?" रामीबाई कडाडली.

"पाह्याले आली," निता म्हणाली. तिनं सायलीला हाताला धरून उठवलं, रांगोळीतल्या पाटावर बसवलं आणि वच्छलाच्या कडेवरून हरीओमला आपल्याकडे घेतलं. वच्छला तशीच उभी होती. राजपाल आजवर या बाबतीत एक शब्द बोलला नव्हता. तो ओट्यावरून म्हणाला, "ओवाळ वच्छले, चांद वर चालला." वच्छलानं ओवाळलं. ओवाळताना निरांजनातलं तूप पाटावर सांडलं. रामीबाई तणतणत आत निघून गेली.

मग खिरापती झाल्या. निताचा डबा सायलीनं एकदाच हलवला आणि "शेंगा" म्हणून जिंकली. शेंगा सोलत ती निताच्या शेजारी टेकली. "मावशी, तुमच्या घरी नाही का कोणी ओवाळाले?"

"आहे ना. एक पोट्टी आहे."

"मंग तिले आज कोण ओवाळन?"

"तिच्या मायनं ओवाळलं," निता म्हणाली. सायलीला ते पटलं, ती पुढची शेंग सोलू लागली. वच्छला त्यांच्या मागेच दूध आटवत बसली होती. तिचा हात थांबलेला मी पाहिला.

पुढच्या बाजाराच्या सकाळी सेवालालची पिशवी यायच्या आतच वच्छला सायलीला घेऊन जीपमध्ये बसली. मलाही ओढून नेलं, एकटीचा धीर होत नव्हता. जीपमध्ये हळूच म्हणाली, "मी सांगतलं तिले, मॅडम. तुले जन्म निताने देल्ला म्हणून. म्या फक्त वाढोलं."

"मग? काय म्हणाली?"

"मंग भाजी काहून पाठोते, म्हणे. मी म्हटलं, तुह्यासाठी पाठोते. अन तू आता माही माय नाही का, म्हणे." वच्छलानं पदर नाकाला लावला. "म्या म्हटलं, आहे. मंग चूप बसली."

मळ्यावर निता मेथी धूत होती. आम्हाला पाहून उभी राहिली, ओले हात साडीला पुसत. सायलीच्या हातात निताचाच डबा होता, कोजागिरीला घरी राहिलेला. ती पुढे गेली. मावशी म्हणाली नाही, माय म्हणाली नाही, काहीच म्हणाली नाही. डबा निताच्या कानाजवळ धरून जोरात हलवला.

"ओळखा."

भुलाबाई तर केव्हाच पाण्यात शिरवली होती, खेळ संपला होता, पण पोरीला कोण सांगणार. डब्यात फुटाणे होते. तीन हात लांब उभ्या असलेल्या मला पहिल्या आवाजात कळलं, मग निताला कळलं नसेल असं होणारच नाही.

"पेढे?" निता म्हणाली.

"नाही."

"लाह्या?"

"नाही."

"गूळखोबरं? मुरमुरे?" निता एकेक नाव घेत राहिली, तिळाचे लाडू झाले, चिवडा झाला, सीताफळसुद्धा झालं. सायली दर वेळी नाही म्हणत डबा हलवायची आणि हसायची. डोळ्यांतलं पाणी निताच्या हनुवटीपर्यंत आलं होतं, ते पुसायला तिनं हात उचलला नाही.

"हारल्या का?" सायलीनं विचारलं.

"नाही हारली," निता म्हणाली. "आणखी एक डाव हालव."