समुद्राकाठचं वाळवण

लेक पोर्तुगालात समुद्री शेवाळावर काम करते. आदिलाबादेत हे सांगितलं की लोक हमखास म्हणतात, "शेवाळच पाहायचं होतं तर तुमची विहीर काय वाईट होती?" मीही हसायचो. बी-बियाण्यांच्या दुकानात बसणाऱ्याला गिऱ्हाइकासोबत हसावंच लागतं. पण गेल्या वर्षी तिच्याकडे गेलो तो तिला परत आणायलाच. बायकोला म्हटलं होतं, बोलून पाहतो. काय बोलणार, ते तिलाही सांगितलं नव्हतं. 'तुझ्या आईच्या छातीत दुखतं, डॉक्टर नीट काही सांगत नाहीत,' हे साफ खोटं वाक्य मी विमानातच घोळवून ठेवलं होतं. बायको धडधाकट आहे.

लेक राहते ते गाव मासेमारांचं, शेकडो वर्षं जुनं. अर्धं वाळूलगत, अर्धं कड्याच्या माथ्यावर. वर जायला तारेनं ओढला जाणारा डबा. माथ्यावरून खाली पाहिलं आणि मी कठडा धरून उभाच राहिलो. पाणी म्हणजे तलावाचं नाहीतर बोअरचं, एवढंच मला ठाऊक. इथं लाटा उठत होत्या त्या जिनिंगच्या आवारातल्या कापसाच्या ढिगांसारख्या, पांढऱ्याफेक, आणि कोसळून पुन्हा उठत होत्या. गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरासमोरच्या बायका खिडकीतूनच वाटी देतघेत. वाळूवर जुन्या होड्या मांडलेल्या, टोकं वर वळलेली, लाल-निळ्या-पिवळ्या. आमच्या शेजारच्या निर्मल गावात लाकडी खेळणी रंगवणाऱ्यानंही थांबून पाहावं असं काम. मी एका होडीवर हात फिरवत राहिलो.

"बाबा, पोत्यातलं बी तपासता तशा होड्या तपासून राह्यले तुमी," लेक म्हणाली.

रोज सकाळी वाटे, आज बोलू. रोज ते गाव असं काहीतरी पुढं करी, की बोलणं राहून जाई. खरं सांगायचं तर मला ते हवंच होतं.

एका दुपारी आम्ही वाळूवर गेलो. तिथं लाकडी चौकटींना जाळी ठोकून त्यावर मधोमध उघडलेले मासे वाळत घातले होते. त्यांची मालकीण काळ्या कपड्यांतली, एकावर एक घागरे नेसलेली म्हातारी. तीच लेकीची घरमालकीण. लेक कॉफी आणायला गेली, म्हातारी कुणाशी तरी पाठमोरी बोलत होती. तेवढ्यात समुद्राकडून भुरकं काहीतरी भराभर चालून आलं. ऊन गेलं. तोंडावर ओल बसली.

आमच्याकडे आभाळ आलं आणि अंगणात मिरच्या नाहीतर कुरडया वाळत असल्या, तर त्या कुणाच्या हे कोणी विचारत नाही. जो जवळ असेल तो गोळा करतो. माझे पाय आपोआप धावले. ज्याच्या घरात मासा कधी शिजला नाही, तो मी दोन्ही हातांनी मासे उचलून टोपलीत भरत सुटलो. म्हातारी ओरडत आली आणि तिनं टोपली ओढून घेतली. मागून लेक धावत आली.

"बाबा, काय करून राह्यले? काऊन उचलता?"

"पाऊस आला ना! भिजले असते."

"धुकं हाये ते! रोज येते, रोज जाते."

तिनं म्हातारीला समजावलं. म्हातारीनं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, मग दात नसलेल्या तोंडानं खदाखदा हसली.

"काय म्हणते?"

"म्हणते, याच्या गावात शेजारी चांगले असतील."

मग तिनं मला सगळे मासे परत मांडायला लावले. एक उलटा ठेवला तर हातावर चापट मारली. लेक तिच्याशी भांडत होती, हसत होती, मध्येच तिच्या खांद्यावर हनुवटी टेकवत होती. मी पाहत राहिलो. लेकीला तिथं माणसं नाहीत, एकटी पडली आहे, असं मी घरी ज्याला-त्याला सांगत आलो होतो.

धुकं विरलं. आम्ही बाकावर बसलो. हाताचा वास जात नव्हता.

"आईला सांगू का हे? लय हसंल. बरी हाये ना ती?"

वाक्य ओठांवर तयार होतं.

"ठणठणीत आहे," मी म्हणालो. आणि मग थांबता आलं नाही. "तिला आजारी पाडून तुला घरी न्यायला आलो होतो मी."

"मी आली असती, बाबा," ती म्हणाली. "अन् आई चांगली दिसल्यावर तुमच्याशी कधीच बोलली नसती."

"मग आता?"

"आता मी राह्यते."

मी मान हलवली. तिच्यावर राग आला नाही. तिथूनच बायकोला फोन लावला.

"ती येत नाही," मी म्हणालो. "आणि गाव फार सुंदर आहे. आज मी इथं मासे वाळत घातले."

पलीकडून आवाज आला, "तुमी तरी येता ना? का तुमीबी तिथंच मासे वाळवता?"

लेकीनं माझ्या हातातून फोन घेतला आणि दोघी एकदमच बोलू लागल्या.