अर्धी भिंत विठाकाकूची

बदलापूर गावात आमच्या समोरच्या घरात विठाकाकू राहते. ती कोणाशी कधी भांडली नाही, म्हणून आळीत तिचं नाव चांगलं होतं. आमच्या आळीत चांगलं नाव व्हायला एवढं पुरतं.

ती का भांडत नाही, हे विचारायची कोणाला गरज वाटली नव्हती. तिच्या आणि शेजारच्या हिरामणच्या घरांच्या मध्ये एक सामाईक विहीर आहे. काकूचा नवरा अंथरुणाला खिळला त्या वर्षी विहिरीचा कठडा ढासळला. हिरामणनं सगळा खर्च एकट्यानं केला. काकूनं पैसे पुढे केले तेव्हा म्हणाला, वयनी, या दिवसांत तुमच्याकडून घेऊ का? आळीनं त्याचं भरभरून कौतुक केलं. पुढे काकूचा नवरा गेला. हिरामणनं विहिरीवर पंप बसवला. पहाटे त्या आवाजानं काकूची झोप मोडायची, आणि उन्हाळ्यात तिच्या बादलीत गाळ यायचा. काकू बोलायला म्हणून दारापर्यंत यायची आणि परत आत जायची. कठडा ज्याच्या पैशानं उभा राहिला, त्याला बोलायचं कोणत्या तोंडानं? हिरामणनं ते उपकार कधी बोलून दाखवले नाहीत, हीच खरी पंचाईत होती. दाखवले असते तर तिला भांडता तरी आलं असतं.

गेल्या हिवाळ्यात दोन घरांमधली कंपाउंडची भिंत काकूच्या बाजूला कलली. भिंत मी नवी बांधतो, वयनीनं काळजी करू नये, असं हिरामणनं जाहीर केलं. काकूनं निरोप पाठवला, अर्धा खर्च माझा. हिरामण हसला आणि त्यानं सिमेंट मागवलं.

काकू जाऊन सिमेंटच्या गोणींवर बसली. सोबत भिजवलेल्या वालांची टोपली होती, ते सोलू लागली. राजू गवंड्यानं तिला दोनदा उठायला सांगितलं. काकूनं सरकून त्याला जागा दिली आणि मूठभर वाल त्याच्या हातात ठेवले. दिवसाची मजुरी तशीही मिळणारच होती, त्यामुळे तोही सोलत बसला.

दुपारपर्यंत आळीतली पुरुषमंडळी जमली. मीही गेलो. दुसऱ्याच्या खर्चाबद्दल आम्हा सगळ्यांचीच मतं फार स्पष्ट असतात. देणारा देतोय तर घ्यावं, असं एकाचं म्हणणं पडलं. एकट्या बाईनं असा हट्ट करू नये, असं दुसऱ्याचं. घेण्यातसुद्धा मोठेपणा असतो, हे हरिचंद्र मास्तरांनी सविस्तर समजावलं. मास्तरांनी स्वतःच्या घराला रंग जावयाकडून लावून घेतलाय, तेव्हा विषयाचा त्यांचा अभ्यास होता.

हिरामणला मात्र मनापासून लागलं होतं. माणूस वाईट नाही, हे सांगायलाच हवं.

"वयनी, मी काय तुमची जागा खातंय?" तो म्हणाला. "माझ्यावर भरवसा नाय का?"

काकूनं टोपली खाली ठेवली.

"भरवसा हाय, भावजी. पन पैसं नाय दिलं तर मी तुमच्याशी भांडू कशी?"

कोणी हसलं नाही.

"लोकं बोलतात, विठा शांत हाय," काकू म्हणाली. "मी शांत नाय. मिंधी हाय."

मला फार वाईट वाटलं. हिरामणनं राजूला अर्ध्याचा हिशोब करायला सांगितलं आणि घरात निघून गेला. काकूची भिशी नुकतीच लागली होती. तिनं संध्याकाळीच पैसे नेऊन दिले आणि त्याला समोर बसून मोजायला लावले.

भिंत उभी राहिली. गिलावा अजून ओलाच होता, तेवढ्यात हिरामणच्या मुलानं, दिपेशनं, कपड्यांच्या दोरीसाठी तिच्यात खिळा ठोकायला घेतला.

"दिपेश, खिळा काढ."

हा आवाज कोणाचा ते मला पटकन कळेना. इतकी वर्षं समोर राहून मी तो एवढा चढलेला ऐकलाच नव्हता. आळीतली दारं एकेक करून उघडली. हिरामण बाहेर आला आणि म्हणाला, पोरगा आहे, जाऊ द्या. मग तर काकूचं तोंड जे सुटलं, ते खिळ्यावरून पंपावर गेलं, पंपावरून गाळावर, आणि गाळावरून हिरामणच्या त्या हसण्यावर. मध्येच एकदा तिनं पदरानं नाक पुसलं आणि पुढे चालू केलं. हिरामणनं हात मागे बांधून सगळं ऐकून घेतलं आणि दिपेशला खूण करून खिळा काढायला लावला.

"झालं का, वयनी?" शेवटी त्यानं विचारलं.

"आजच्यापुरतं झालं," काकू म्हणाली.