एस्किल विसरला तो जिना

एस्किल टॉफ्टने चौतीस वर्षं आमच्या बांधकाम कंपनीत बसून इमारतींच्या खर्चाचे अंदाज काढले. त्यातली शेवटची बावीस वर्षं ते टाइप करायचं काम माझ्याकडे होतं. दुकान, शाळा, दूध डेअरी, बँक, लिमफ्योर्ड खाडीच्या काठाला जे काही उभं राहायचं ते आधी एस्किलच्या टेबलावर उभं राहायचं, आणि बहुतेक वेळा तिथेच राहायचं. दहा निविदा भरल्या की एखादी आमच्या पदरात पडायची. बाकीच्या नऊ इमारती दुसरंच कुणीतरी बांधायचं, नाहीतर कुणीच नाही. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या घरांच्या विटा मोजून माणूस दमणार नाही तर काय होईल? दर शुक्रवारी चार वाजता तो टोपी घालायचा आणि म्हणायचा, "दमलो बाई, रिग्मोर."

"मग बस ना घरी."

"घरी बसून काय करू? चिमण्या मोजू?"

हे संभाषण आमच्यात किमान हजार वेळा झालं असेल.

त्याची कामाची रीत जगावेगळी होती. नकाशे पसरून लगेच मोजायला बसायचा नाही. आधी खुर्चीत मागे रेलायचा, डोळे मिटायचा आणि त्या न बांधलेल्या इमारतीत चालायला लागायचा. तेही मोठ्यांदा बोलत. "आलो. दार ढकललं. जड आहे, दोन बिजागऱ्या पुरणार नाहीत, तीन घाल. बूट पुसले. पायपुसणं, त्याखाली लोखंडी चौकट. उजवीकडे दिव्याचं बटण." पहिल्या वर्षी मला वाटलं होतं, ह्याचं डोकं फिरलंय. मग कळलं, की नकाशात जे असतं ते सगळ्यांनाच दिसतं, पण हात कुठे लागतो आणि पाय कुठे अडतो ते चालल्याशिवाय समजत नाही. चौतीस वर्षांत त्याच्या हातून दाराची एक मूठसुद्धा सुटली नव्हती. मालक वाग्न ओव्हरगोर तर आल्यागेल्याला ते ऐकवायचा.

एकोणीसशे शहाऐंशीच्या शरद ऋतूत आमच्याकडे काम नव्हतं. जूनपासून एकही निविदा लागली नव्हती. वाग्नने गवंड्यांना सांगून टाकलं होतं, नोव्हेंबरपर्यंत काही मिळालं नाही तर चौदाच्या चौदाजणांना हिवाळाभर घरी बसावं लागेल. एवढ्यात स्ट्रुअरच्या बंदरावर एका फर्निचरवाल्याची इमारत निघाली. खाली दुकान, वर तीन मजले कचेऱ्या, लिफ्टसकट. एस्किलने तीन आठवडे त्यावर काढले. त्या वर्षी त्याचा उजवा गुडघा गेला होता. कॉफी आणायला उठायचा तोसुद्धा टेबलाच्या कडेला धरून धरून.

आकडा तयार झाला तसा वाग्न त्याच्या डोक्यावर येऊन उभा राहिला.

"किती?"

"एक कोटी अकरा लाख दहा हजार क्रोनर."

"खाली आण."

"खाली आणायला त्यात उरलंय काय? फायदाच दोन लाख ऐंशी हजार धरलाय. विटा पातळ करू?"

"हिवाळ्याचा खर्च काढ. ताडपत्र्या, शेगड्या, बर्फ उपसणं. थंडी सौम्य पडेल यंदा."

"तसं लेखी देतोस का? देव सही करणार असेल तर काढतो."

वाग्न पुटपुटत गेला. हिवाळ्याचा खर्च तसाच राहिला. मी एक्केचाळीस पानं टाइप केली, लिफाफा बंद केला.

निविदा उघडल्या त्या दिवशी आर्किटेक्टने सगळ्यांसमोर एकेक आकडा वाचला. होल्स्टेब्रोवाले कंत्राटदार आमच्यापेक्षा एक लाख तीस हजारांनी वर होते, बाकीचे त्याहून वर. काम आमचं! वाग्नने एस्किलच्या पाठीवर अशी थाप मारली की त्याचा चष्मा घसरला. परतताना गाडीत एस्किल मात्र खिडकीबाहेर बघत बसला होता. "जिंकलो म्हणजे काहीतरी धरायचं राहिलं," तो म्हणाला. आम्ही हसलो. दर वेळी जिंकल्यावर तो हेच म्हणायचा.

त्यानंतरच्या गुरुवारी तो गुडघा दाखवायला डॉक्टरकडे गेला. दवाखाना तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. शिव्या देत देत तो जिना चढला. दुसऱ्या मजल्यावर दम खायला कठडा धरून थांबला, आणि सवयीने त्याच्या मनात आलं, हा कठडा मीटरला कितीचा असेल. मग वाटलं, स्ट्रुअरच्या कठड्याला आपण कितीचा भाव धरला होता? आठवेना. डॉक्टरला न भेटताच तो खाली उतरला आणि थेट ऑफिसात आला.

"रिग्मोर, स्ट्रुअरची प्रत काढ."

आम्ही दोघांनी पान पान पाहिलं. लिफ्ट होती. लिफ्टची चारही दारं होती, आतला आरसा होता. जिना कुठेच नव्हता. पायऱ्या नाहीत, कठडा नाही, वळणावरचे मधले चौक नाहीत.

"मी लिफ्टने गेलो गं," तो म्हणाला. त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. "डोळे मिटून चाललो तेव्हाही गुडघा दुखत होता. मनातल्या मनात मी बटण दाबलं आणि वर गेलो."

जिन्याचे तीन लाख दहा हजार. म्हणजे सगळा फायदा जाऊन वर तीस हजारांचा खड्डा. आणि एक्केचाळीस पानं माझ्या बोटांखालून गेली होती, मलाही जिन्याची आठवण झाली नव्हती.

मी म्हटलं, "गप्प बस. करारावर सही होऊ दे, मग कळलं म्हणून सांग." हे बोलल्याचा मला अभिमान नाही, पण त्याला उतारवयात मान खाली घालावी लागणं मला बघवत नव्हतं.

"बावीस वर्षांत तुला माझ्याबद्दल एवढंच कळलं?" तो म्हणाला आणि लंगडत वाग्नच्या खोलीत गेला.

मधली भिंत पातळ होती, सगळं ऐकू आलं.

"जिना?" वाग्न म्हणाला. "खिडकीची कडी विसरलास तर समजू शकतो. जिना, एस्किल?"

"हो."

"निविदा मागे घेतली तर?"

"काम होल्स्टेब्रोवाल्यांना. आपले गवंडी घरी."

खोलीत येरझारा घालणारी पावलं ऐकू आली. मग वाग्नच म्हणाला, "मी सही करतो. खड्डा भरून काढू कसातरी. पण यापुढचे अंदाज ऑर्हुसच्या फर्मकडून करून घेऊ. तू दमलायस. तूच म्हणतोस ना दर शुक्रवारी."

एस्किल बाहेर आला, खुर्चीत बसला आणि पेन्सिलींना टोकं करत राहिला. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. चार वाजता त्याने टोपी घातली आणि एक शब्दही न बोलता गेला. मला रडू आलं. त्यानंतर पेन्शन लागेपर्यंत त्याच्याकडे खिळ्यांच्या आणि सिमेंटच्या पावत्या लावायचं काम आलं.

थंडी कडाक्याची पडली. हिवाळ्याचा खर्च पैन् पै लागला, त्याबद्दल कुणी ब्र काढला नाही. एप्रिलमध्ये छपराची लाकडं चढली, त्यावर हिरव्या पानांचे गोल हार टांगले आणि रिवाजाप्रमाणे इमारतीच्या मालकाने बांधणाऱ्यांना मेजवानी दिली. फर्निचरवाला चिकट होता. मेजवानी चुकवली तर त्याच्या नावाने छपरावर टांगायला गवंड्यांनी गवताचा बाहुला करून ठेवला होता, त्याची कुणकुण लागल्यावर त्याने खिशात हात घातला.

मेजवानी सगळ्यात वरच्या मजल्यावर होती. कारखान्यातून लिफ्ट अजून आलीच नव्हती. तिच्या मोकळ्या खड्ड्यावर फळ्या ठोकल्या होत्या. वर जायला वाट एकच, ती म्हणजे जिना.

"तू इथेच बस, मी तुझं ताट खाली आणते," मी म्हटलं.

"इतका महाग जिना आहे, चढून तरी बघू दे."

सहासष्ट पायऱ्या. प्रत्येक चौकात तो थांबला, कठड्यावरून हात फिरवला. वर पोचेपर्यंत त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

गरम सॉसेज, मोहरी, बिअर. गवंड्यांचा मुकादम आंकर पेटीवर उभा राहिला. "आम्हाला भाषण येत नाही," तो म्हणाला. "पण हिवाळ्यात चौदाजण घरी बसणार होतो, ते बसलो नाही. ज्याने तो आकडा काढला, त्याच्या नावाने प्या. एस्किल!"

सगळ्यांनी बाटल्या उंचावल्या, टाळ्या वाजवल्या. एस्किलने वाग्नकडे पाहिलं. वाग्नने बाटली वर केली, पण नजर ताटातल्या मोहरीतच ठेवली.

उतरताना एस्किलने माझ्या खांद्याचा आधार घेतला. चढण्यापेक्षा उतरणं गुडघ्याला जास्त लागत होतं. शेवटच्या चौकात आम्ही थांबलो.

"हा जिना धरला असता ना," तो म्हणाला, "तर आपण एक लाख ऐंशी हजारांनी हरलो असतो."

"मग हे वाग्नला का नाही सांगत?"

"त्याला वजाबाकी येत नाही का?"

वरून गवंड्यांच्या गाण्याचा आवाज येत होता. कसलंतरी बेसूर गाणं.

"चौतीस वर्षं मी बरोबर आकडे काढले, रिग्मोर," तो म्हणाला. "त्यांच्या नावाने कुणी प्यायलं नाही. चुकलो त्याच्या नावाने चौदाजण पितायत. हे घेऊन मी घरी कसा बसू?"

मी त्याचा कोपर घट्ट धरला. खाली अजून अकरा पायऱ्या होत्या.