ठिणग्या थांबेपर्यंत

वर्ध्याच्या एमआयडीसीतला तो ग्राइंडिंगवाला आठवला की अजून माझं डोकं तापतं. कापसाच्या ऐन हंगामात एका शाफ्टपायी आमची जिनिंग बंद, आणि हा शाफ्टचं माप बसल्यावरही घासायचं चाक पुढे न सरकवता नुसता फिरवत बसलेला. मध्येच मशीन थांबवायचा, डोळे मिटून शाफ्टवर नख ओढायचा.

"काऊन टाइमपास करून राह्यले, भाऊ?" मी वैतागलो.

"ठिणग्या येऊन राह्यल्या ना अजून. त्या थांबल्याशिवाय गुळगुळीत नाई होत."

मी शाफ्ट तसाच उचलून नेला. शाफ्टच्या खरखरीने चार दिवसांत तेल अडवणारं ऑइल सील खाल्लं. झक मारत पुन्हा त्याच्याकडेच गेलो. 'सांगितलं होतं' म्हणाला असता, तर भांडता तरी आलं असतं. त्याने फक्त बसायला स्टूल पुढे सरकवलं.